‘शुगर फ्री’ किती फ्री? पाकिटातली गोडी आणि रक्तातली साखर

पौर्णिमेची वंदना झाली की विहारात खीर वाटायला घेतात. पातेले पुढे सरकते आणि पंगतीत दोन-चार हात मागे होतात. "मला नको माय, शुगर हाय." अशाच एका पौर्णिमेला शेजारी बसलेल्या एका आजींनी खिरीला नको म्हटले आणि पिशवीतून बर्फीचा डबा काढला. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘शुगर फ्री’. "पोरानं पुण्याहून आणलीय. ही कितीबी खाल्ली तरी शुगर वाढत न्हाई म्हणला." बोलता बोलता आजींनी सहा वड्या संपवल्या. रात्री पोट बिघडले. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात बोटातून रक्त काढून पाहिले तर साखरही चढलेली. आजींचा प्रश्न एकच होता, "साखर न्हवती तर चढली कशानं?"

हा प्रश्न आज वस्तीतल्या अनेक घरांचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा श्रीमंतांचा आजार, ही जुनी समजूत आता सोडून द्यावी लागेल. बिगारी काम करणारा, ऊस तोडणारा, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी, कुणालाही तो होतो. आजार वाढला तसा बाजारही सरसावला. मेडिकलच्या काउंटरवर, मिठाईच्या दुकानात, किराणा मालाच्या मॉलमध्ये ‘शुगर फ्री’ची रांग लागली. त्यातल्या बऱ्याच वस्तू ज्या पदार्थाने गोड केलेल्या असतात, त्याला ‘शुगर अल्कोहोल’ म्हणतात. शास्त्रीय भाषेत ‘पॉलिऑल’. त्याची नीट ओळख करून घेऊ.

बाबासाहेबांनाही हाच आजार होता

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता. जोडीला रक्तदाब, पायांच्या नसांचे दुखणे आणि अधू होत गेलेली नजर. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्याच आपल्या माईसाहेब सविता आंबेडकर. त्या स्वतः डॉक्टर होत्या. बाबासाहेबांचे पथ्यपाणी, औषधे आणि इन्सुलिन यांकडे त्यांचे लक्ष असे. घरबसल्या बोटातल्या थेंबावर साखर मोजण्याचे यंत्र त्या काळी नव्हते. अशा प्रकृतीत बाबासाहेबांनी घटनेचे काम पार पाडले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्याला धम्म दिला. पुढच्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

जे यंत्र त्या वेळी कुणाच्याच घरात नव्हते, ते आज गावच्या उपकेंद्रात आहे आणि तपासणीला पैसे लागत नाहीत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची ही तपासणी व्हावी, असा सरकारी कार्यक्रमच आहे. आपण त्याचा फायदा घेत नसू तर दोष आपल्याकडेही येतो.

नावात अल्कोहोल, मग पाचव्या शीलाचे काय?

काही उपासकांनी प्रामाणिकपणे विचारलेला प्रश्न आहे. आपण पंचशील घेतो, मद्यापासून अलिप्त राहण्याचे पाचवे शील पाळतो. मग अल्कोहोल असलेली गोळी किंवा बर्फी चालेल का?

चालेल. हे अल्कोहोल दारूतले नव्हे. रसायनशास्त्रात एका विशिष्ट रचनेच्या सगळ्या पदार्थांना अल्कोहोल म्हणतात. कार्बनच्या साखळीला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी चिकटलेली असली की त्या पदार्थाचे नाव बहुधा ‘ऑल’ने संपते. दारूत असते ते इथेनॉल. पण पुदिन्यातला थंडावा देणारा मेंथॉलही याच घराण्यातला आणि रक्त तपासताना ज्याची धास्ती वाटते तो कोलेस्टेरॉलही. मेंथॉलची गोळी चोखून कुणी झिंगत नाही. तसेच सॉर्बिटॉल, झायलिटॉल, माल्टिटॉल यांनी नशा येत नाही. नाव ऐकून घाबरू नका. घाबरायचेच तर ‘कितीबी खा’ या सल्ल्याला घाबरा.

उसाच्या जिल्ह्यातली दुसरी गोडी

आपला धाराशिव जिल्हा उसाचा. ढोकीचा तेरणा कारखाना जुना. केशेगावच्या सहकारी कारखान्याला तर बाबासाहेबांचेच नाव आहे. उसाच्या रसातून निघते ती साखर. रस काढून उरतो तो बगॅस, म्हणजे चिपाड. कारखाने ते बहुतेक बॉयलरमध्ये जाळतात. पण या चिपाडाच्या धाग्यांत एक वेगळी साखर बांधलेली असते. ती सोडवून तिच्यावर प्रक्रिया केली की झायलिटॉल मिळते. गुवाहाटीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी चिपाड आंबवून झायलिटॉल बनवण्याची एक पद्धत २०२२ साली पुढे आणली. बाजारात येणारे झायलिटॉल मात्र मुख्यतः मक्याच्या बुरकुंडांपासून आणि बर्च नावाच्या झाडाच्या लाकडापासून बनते.

सॉर्बिटॉल मक्याच्या स्टार्चपासून बनवतात: स्टार्चचे ग्लुकोज करायचे आणि त्याला हायड्रोजन जोडायचा. माल्टिटॉलही असेच, माल्टोज या साखरेपासून. एरिथ्रिटॉल यीस्टकडून आंबवून घेतात. निसर्गातही हे पदार्थ थोडे थोडे असतातच. सफरचंद, नासपती आणि आलुबुखाऱ्यात सॉर्बिटॉल असते. म्हणजे हे विष नव्हे आणि अमृतही नव्हे. गोड चवीचा, साखरेचा एक लांबचा भाऊबंद, एवढेच.

शरीरात गेल्यावर काय होते?

चहातली साखर पोटात गेली की लहान आतड्यात तिचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोजला आत ओढून घेणारी खास यंत्रणा आतड्याच्या भिंतीत असते. त्यामुळे ते झपाट्याने रक्तात उतरते. निरोगी माणसाचे इन्सुलिन ते लगेच पेशींत पोहोचवते. मधुमेहात हीच व्यवस्था बिघडलेली असते, म्हणून साखर रक्तातच साठून राहते.

पॉलिऑलसाठी आतड्यात अशी ओढून घेणारी यंत्रणा नाही. ते हळूहळू झिरपते आणि तेही अर्धेमुर्धे. उरलेला भाग मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि वायू तयार करतात. रक्तात साखर कमी आणि सावकाश चढते ती यामुळे. पोट फुगते तेही यामुळेच.

मात्र सगळे पॉलिऑल सारखे नाहीत. नुसते ग्लुकोज खाल्ल्यावर रक्तातली साखर जितकी चढते तिला १०० मानले, तर नेहमीच्या साखरेचा आकडा ६५ च्या आसपास येतो. बाकीच्यांचे अंदाजे आकडे असे:

माल्टिटॉल – ३५ (त्याचे सिरप वापरले असेल तर ५० च्या आसपास)
झायलिटॉल – १२
सॉर्बिटॉल – ९
आयसोमाल्ट – ९
लॅक्टिटॉल – ६
मॅनिटॉल – ०
एरिथ्रिटॉल – ०

उष्मांकातही फरक आहे. एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात. सॉर्बिटॉलमधून २.६, झायलिटॉलमधून २.४, माल्टिटॉलमधून २.१ आणि एरिथ्रिटॉलमधून जवळजवळ काहीच नाही, कारण ते रक्तात शिरते आणि बहुतांश जसेच्या तसे लघवीवाटे निघून जाते.

यादीत सगळ्यात वरचे नाव पुन्हा पाहा. चव आणि पोत साखरेच्या सगळ्यात जवळ जाणारे म्हणून माल्टिटॉल चॉकलेट आणि मिठाईत भरपूर वापरतात. आणि साखर सगळ्यात जास्त चढवणारेही तेच. साखरेच्या अर्ध्याहून थोडे जास्त. म्हणजे ‘शुगर फ्री’ आहे म्हणून दुप्पट खाल्ले की हिशेब जिथल्या तिथे.

आजींच्या सहा वड्या

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या भूम-वाशी भागातला खवा नावाजलेला. कुंथलगिरीच्या खव्याला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण खवा म्हणजे आटवलेले दूध आणि दुधात स्वतःची साखर असते, लॅक्टोज. दूध आटते, पाणी उडते. लॅक्टोज कुठे जात नाही. १०० ग्रॅम खव्यात साधारण २० ग्रॅम कर्बोदके आणि ३० ग्रॅमच्या वर स्निग्धांश असतो.

एक वडी २० ग्रॅमची धरा. सहा वड्या झाल्या १२० ग्रॅम. त्यातला ८० ग्रॅम खवा आणि ४० ग्रॅम माल्टिटॉल असे समजू. खव्यातून १६ ग्रॅम दुधाची साखर पोटात गेली. ४० ग्रॅम माल्टिटॉलचा परिणाम सुमारे २० ग्रॅम साखरेएवढा, म्हणजे चार चमचे. सगळे मिळून ४०० हून जास्त कॅलरी, म्हणजे ज्वारीच्या दोन भाकरींइतक्या. त्याही जेवणावर वरून. साखर चढली ती अशी. आणि एका बैठकीत ४० ग्रॅम माल्टिटॉल आतड्याला पेलवले नाही, म्हणून पोट बिघडले.

बिस्किटांचेही तेच. ‘डायबेटिक बिस्किट’ साखरेऐवजी पॉलिऑलने गोड केलेले असेल, पण त्यात मैदा असतोच आणि मैद्याचे शेवटी ग्लुकोजच होते. पोराने पुण्याहून प्रेमाने आणले म्हणून मैदा बदलत नाही.

पाकीट वाचायची सोपी युक्ती

पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरांत जे लिहितात ती जाहिरात. खरी माहिती मागे, बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत असते. इंग्रजी येत नसेल तरी अडू नका. घटकांच्या यादीत आकडे शोधा. देशोदेशी एकच क्रमांक चालतात:

४२० – सॉर्बिटॉल
४२१ – मॅनिटॉल
९५३ – आयसोमाल्ट
९६५ – माल्टिटॉल
९६६ – लॅक्टिटॉल
९६७ – झायलिटॉल
९६८ – एरिथ्रिटॉल

हा तक्ता कापून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावा. शाळेत जाणाऱ्या नातवंडाला सांगा, पाकीट घेऊन ये आणि यातला कोणता आकडा आहे ते शोध. पोरांना हा खेळ आवडतो आणि घराला सवय लागते.

दुसरे, कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार १०० ग्रॅम पदार्थात सगळ्या प्रकारच्या साखरा मिळून ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसतील, तरच ‘शुगर फ्री’ म्हणता येते. दुधाची साखरही त्या हिशेबात धरली जाते. मग खव्याचा पेढा ‘शुगर फ्री’ कसा होईल? फार तर ‘वरून साखर घातलेली नाही’ एवढेच म्हणता येईल. सुटी मिठाई विकणाऱ्या दुकानातली पाटी पाहून हा प्रश्न विचारायला लाजू नका. १० टक्के किंवा त्याहून जास्त पॉलिऑल असलेल्या पाकिटावर, यामुळे जुलाब होऊ शकतात, अशी सूचना छापणेही बंधनकारक आहे.

तिसरे, एकूण कर्बोदकांचा आकडा पाहा. त्यातला पॉलिऑलचा आकडा वेगळा दिला असेल, तर त्याचा निम्मा भाग वजा करा. समजा कर्बोदके ६० ग्रॅम आणि त्यात पॉलिऑल २० ग्रॅम. तर ५० ग्रॅम धरून चालायचे. शून्य नव्हे. आणि यादीत ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ दिसले तर सावध व्हा. ते चवीला फारसे गोड लागत नाही, पण रक्तातली साखर ग्लुकोजसारखीच चढवते.

पोटाची तक्रार

बद्धकोष्ठतेवर डॉक्टर जे लॅक्टिटॉलचे औषध देतात, तेही एक पॉलिऑलच. आतड्यात ते पाणी ओढून घेते आणि शौचाला साफ होते. हाच गुण बर्फीतून नकळत पोटात गेला की जुलाब, गुरगुर, कळ आणि वायू. सॉर्बिटॉल आणि मॅनिटॉल याबाबतीत जास्त त्रासाचे. एरिथ्रिटॉल त्यातल्या त्यात सौम्य. प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी. लहान मुलांचे शरीर लहान, म्हणून त्यांना थोड्यानेही त्रास होतो. आजोबांच्या ‘शुगर फ्री’ गोळ्या पोराच्या हाती लागू देऊ नका. जुलाब लागलेच तर ओआरएस पाजा आणि दवाखाना गाठा. ज्यांचे पोट मुळात नाजूक आहे, सारखे शौचाला होते, त्यांनी हे पदार्थ टाळलेलेच बरे.

इथे एक गैरसमज दूर करू. मधुमेहात डोळ्यांना मोतीबिंदू लवकर होतो, पायांच्या नसा बधिर होतात. त्यामागच्या कारणांत सॉर्बिटॉलचे नाव येते. ते खरे आहे, पण ते सॉर्बिटॉल पाकिटातले नव्हे. रक्तात साखर सतत वाढलेली राहिली की डोळ्याच्या भिंगात आणि नसांमध्ये शरीर स्वतःच ग्लुकोजचे सॉर्बिटॉल करते आणि ते तिथे साचते. म्हणून डोळे आणि पाय वाचवायचे तर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणे हाच उपाय.

जिवावर बेतणारी चूक

या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण एवढे विसरू नका.

इन्सुलिन घेणाऱ्यांची किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर कधी कधी एकदम खाली येते. गोळी घेतली आणि जेवण राहिले, उन्हात जास्त काम झाले, उपाशीपोटी उसाच्या फडात गेले, असे घडले की हे होते. दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, छातीत धडधडते, कडकडून भूक लागते, बोलणे अडखळते. बघणाऱ्याला वाटते, पिऊन आलाय. रस्त्यात पडला तरी लोक बाजूने निघून जातात. वस्तीतल्या माणसाबद्दल हा संशय जरा जास्तच लवकर घेतला जातो, हे आपण जाणतो. त्यात त्याचा जीव जाऊ शकतो.

अशा वेळी ‘शुगर फ्री’ गोळी, बर्फी किंवा डाएट कोल्ड्रिंक देऊन काही उपयोग नाही. त्यांचा गुणच साखर न चढवण्याचा! तेव्हा खरी साखरच लागते. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळून पाजा. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढेच द्या. मग भाकरी-पोळी खाऊ घाला. अकार्बोज किंवा वोग्लिबोज या गोळ्या चालू असतील तर साध्या साखरेचा गुण उशिरा येतो; अशांनी ग्लुकोजची पावडरच जवळ ठेवावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, घास श्वासनलिकेत जातो. १०८ ला फोन करा.

मधुमेहाचे औषध चालू असलेल्या प्रत्येकाने कामावर जाताना खिशात साखरेची पुडी आणि ‘मला मधुमेह आहे’ असे लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. फडावर, बांधकामावर सोबतीच्या माणसालाही सांगून ठेवावे.

हृदयाबद्दल काय चर्चा आहे?

२०२३ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी एरिथ्रिटॉलबद्दल धोक्याची घंटा वाजवली. ज्यांच्या रक्तात ते जास्त आढळले, त्यांना पुढच्या तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त झाल्याचे त्यांना दिसले. ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल प्यायलेल्या निरोगी माणसांच्या रक्तातही रक्त गोठवणाऱ्या पेशी जास्त तापट झालेल्या आढळल्या. २०२४ साली त्याच गटाने झायलिटॉलबद्दलही तसेच निष्कर्ष मांडले. यावरून खाल्लेल्या एरिथ्रिटॉलमुळेच झटका आला असे सिद्ध होत नाही. आपले शरीरही थोडे एरिथ्रिटॉल बनवत असते आणि आजारी माणसाच्या रक्तात ते आधीच वाढलेले असू शकते. पण ज्यांना हृदयाचा त्रास आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांनी रोज चमच्या-चमच्याने हे पदार्थ घेऊ नयेत, एवढी सावधगिरी शहाणपणाची. स्टीव्हियाच्या पुड्यांतही वजन भरण्यासाठी पुष्कळदा एरिथ्रिटॉलच असते. तिथेही ९६८ हा आकडा शोधा.

चांगली बाजूही सांगितली पाहिजे. तोंडातले दात किडवणारे जिवाणू साखरेवर जगतात. झायलिटॉल त्यांना पचत नाही. म्हणून झायलिटॉलच्या च्युइंगमने दात किडत नाहीत. टूथपेस्टमध्ये सॉर्बिटॉल असते, त्यालाही भिऊ नका. ते आपण थुंकून टाकतो. मात्र झायलिटॉल असलेली कुठलीही गोळी, गम किंवा लाडू दारातल्या कुत्र्याला टाकू नका. त्याच्या रक्तातली साखर एकदम कोसळते, यकृत निकामी होऊ शकते आणि ते मरते.

मग आपण करायचे काय?

या पावडरींचा भाव साखरेच्या कित्येक पट असतो. रोजंदारीवर चालणाऱ्या घराने तो खर्च करायची गरज नाही. त्याच पैशात डाळ, अंडी, मटकी, पालेभाजी येते.

१. चहापासून सुरुवात करा. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. दिवसाला पाच कप झाले तर ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाची वरची साखर २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा. महिनाभरात जिभेला सवय होते, पैसेही वाचतात.

२. गुळाच्या चहाने फसू नका. गुळातही बहुतांश साखरच असते. चव वेगळी, पण रक्ताला फारसा फरक कळत नाही. मध आणि काकवीचेही तेच.

३. ‘शुगर फ्री’ मिठाई सणासुदीला एखादी वडी, जेवणानंतर. रिकाम्या पोटी नको, रोज नको.

४. स्वतःचे शरीर स्वतः तपासा. नवीन पदार्थ खाण्याआधी आणि दोन तासांनी साखर मोजून पाहा. दुकानदार काय म्हणतो किंवा शेजारीण काय म्हणते यापेक्षा तुमचे रक्त काय सांगते ते महत्त्वाचे.

५. मधुमेहाचे आकडे लक्षात ठेवा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.५ किंवा त्याहून जास्त आली तरीही मधुमेह. एकदा जास्त आकडा आला तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

६. ‘शुगर फ्री’ खातो म्हणून गोळी बंद करू नका. सरकारी दवाखान्यात मधुमेहाची औषधे मोफत मिळतात. ती संपायच्या आधी आणायची जबाबदारी घरातल्या एकाने घ्यावी.

विहार समित्यांना एक विनंती. पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर आशाताईंना बोलवा आणि खीर वाटण्याआधी तिशीवरच्या सगळ्यांची साखर तपासून घ्या. खिरीत साखर नेहमीच्या निम्मी घाला, वाट्या लहान ठेवा. जोडीला फुटाणे-शेंगदाण्यांची एक परात असू द्या. मग मधुमेही माणसाला हात मागे घेऊन बसावे लागणार नाही.

त्या आजी आता वंदनेला येताना बर्फीचा डबा आणत नाहीत. दोन चमचे खीर वाटीत घेतात, चवीने खातात आणि वाटी उपडी ठेवतात. मागच्या महिन्यात त्यांची उपाशीपोटीची साखर ११८ होती. "खिरीनं न्हवती चढत गं," त्या म्हणाल्या, "कितीबी खा म्हणल्यानं चढत हुती."